काउंटरवरच्या बाई इतके प्रश्न का विचारतात?

जपानमध्ये टपाल, बचत खातं आणि विमा ही तिन्ही कामं एकाच पोस्टात होतात. २००७ साली खासगीकरण झालं, कागदोपत्री कंपन्या वेगळ्या झाल्या, पण गल्लीतल्या लहान पोस्टात काउंटरपलीकडची माणसं तीच. तोक्योतल्या आमच्या पोस्टात ती जेमतेम तीन-चार आहेत. बचतीची खिडकी चारला बंद होते, टपालाची पाचला.

पाकीट दिलं की क्लार्कबाई ते मापाच्या फटीतून सरकवून बघतात. जाडी एक सेंटिमीटरच्या आत, वजन ५० ग्रॅमपर्यंत, तर ११० येन. जरा फुगलं की दर बदलला. मग सात आकडी पिनकोडावर नजर. (आपल्याकडची सहा आकडी पद्धत टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी बसवली, ती १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. कोकणातल्या केळशीचा माणूस! मला याचा फार अभिमान वाटतो.)

पार्सल भारतात जाणार असेल तर प्रश्न वाढतात. बॅटरी आहे का? परफ्यूम? स्प्रे? विमानातून जाणाऱ्या पार्सलात या वस्तूंचा धोका असतो, म्हणून ओळखीच्या गिऱ्हाइकालाही सूट नाही.

पण या विचारपुशीची खरी किंमत कळते ती १५ तारखेला. इथलं सरकारी पेन्शन एक महिन्याआड, फेब्रुवारी, एप्रिल, जून असं, १५ तारखेला जमा होतं. त्या दिवशी पासबुक घेतलेल्या आजी-आजोबांनी पोस्ट भरून जातं. एकदा एका आजोबांनी बरीच मोठी रक्कम काढायला फॉर्म भरला. बाईंनी हळूच विचारलं, कशासाठी हवेत? आजोबा चिडले. त्यावर बाई काउंटरमागून बाहेर आल्या, त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या आणि पुन्हा तेच विचारलं.

म्हाताऱ्या माणसांना मुलगा किंवा नातू असल्याचं भासवून फोन करायचा, ऑफिसचे पैसे हरवलेत, आजच्या आज पाठवा म्हणून रडायचं, ही इथली जुनी फसवणूक आहे. टपालाने रोख रक्कम पाठवायची तर त्यासाठी खास नोंदणीचं पाकीट लागतं, म्हणून साध्या पाकिटात नोटा घालायला सांगणारा हमखास ठग. तो ओळखणं हे क्लार्कच्या कामातच धरलेलं आहे. असे पैसे वाचवणाऱ्या कर्मचाऱ्यांचा पोलीस प्रशस्तिपत्र देऊन सत्कारही करतात.

आजोबांनी अखेर मुलाच्या नेहमीच्या नंबरवर फोन लावला. मुलगा सुखरूप होता, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. मग पोलीस आले, जबाब झाला. आम्ही सगळे तोवर थांबलो होतो, पण रांगेत कुणी चुळबुळ केली नाही.

आपल्याकडेही डिजिटल अरेस्टच्या नावाखाली हेच चाललंय. मी त्याच संध्याकाळी आई-बाबांना फोन करून सगळं सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं, "आणि त्या बाईंना रांगेतल्या कुणी धन्यवाद म्हटलं का?" म्हटलं होतं, सगळ्यांनी.