आमच्या बाई

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी समितीचा फोन आला तेव्हा सगळ्या शाळेविषयीच लिहायचं ठरवलं होतं. स्नेहसंमेलनं, कबड्डीचा संघ, पावसाळ्यात गळणारी सातवीची खोली, सगळं. कागद पुढे घेतला आणि बाईंशिवाय काही सुचेना. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. बाईंचं नावही लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘बाई’ म्हटलं की कोण, हे आमच्या पिढीतल्या कुणालाही विचारा.

नववीत होतो. कापूस वेचणीचे दिवस. प्रार्थनेच्या वेळी आमच्या वर्गातली एक मुलगी कोसळली. हातपाय ताठ, दातखिळी बसलेली. असं आधीही झालं होतं, त्यामुळे गावात भानामतीची कुजबुज होतीच. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल हुंगवली, शिपाईकाका तर मांत्रिकाला आणायला सायकल काढत होते. तेवढ्यात बाई आल्या. “चला, निघा सारे इथून. तमाशा आहे काय?” तिला त्यांनी वाचनालयात नेलं, म्हणजे ती दोन कपाटांची अडगळ, आणि दार लोटून घेतलं. पाणी द्यायला मला आत ठेवलं होतं. बाई खुर्चीवर बसल्या नाहीत, तिच्याजवळ खाली सतरंजीवर बसल्या. ‘काऊन करते असं’ हे विचारलंच नाही. सकाळी काय खाल्लं, रात्री झोप लागली का, एवढंच विचारलं आणि मग कितीतरी वेळ गप्प बसून राहिल्या. ती रडायला लागली तशी मला बाहेर जायची खूण केली.

बाईंनी तिला तालुक्याच्या दवाखान्यात दाखवून आणलं. पुढे मधल्या सुट्टीत ती पुस्तकांना कव्हर घालायला बाईंकडे जाऊ लागली. संक्रांतीपर्यंत झटके थांबले. बाई तिच्या घरी जाऊन आल्या हे गावाला दिसलं. तिथे काय बोलणं झालं ते कुणालाच कळलं नाही. मला राहवेना, विचारलंच. “तिचं आहे ते तिच्यापाशी. तुले काय करायचं आहे?” एरवी बाई पुस्तकी मराठी बोलायच्या, रागावल्या की थेट अमरावतीच्या व्हायच्या.

नागपूरला मानसशास्त्र शिकताना कळलं की या झटक्यांना डिसोसिएटिव्ह म्हणतात, म्हणजे मनावरच्या ताणातून येणारे, आणि त्यात ढोंग नसतं. मिरगी नाही ना हे आधी तपासायचं, गर्दी हटवायची आणि झटक्यापेक्षा माणसाकडे लक्ष द्यायचं. बाईंकडे फक्त बी.एड. होतं!

आज यवतमाळ जिल्ह्यातच काम करते. उदास वाटतं म्हणून ओपीडीत कुणी येत नाही. छातीत धडधडते, डोक्यात मुंग्या येतात, झोप नाही, ‘ताकदीचं काही लिहून द्या मॅडम’. सोयाबीनचा भाव, सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न हे तिसऱ्या-चौथ्या भेटीत निघतं. म्हणून मीही जेवणाखाणापासून आणि झोपेपासूनच सुरू करते. आशाताई गावात पीएचक्यू-९ ही नैराश्य ओळखायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात. ती कामाची आहेच. पण मरणाचे विचार येतात का, हा नववा प्रश्न सासू शेजारी बसलेली असताना विचारला तर खरं कोण सांगेल? जीव द्यायला फवारणीचं औषध प्यायलेल्याच्या घरच्यांना अजून पोलिसांचीच धास्ती जास्त. त्यांना मी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम ११५ समजावते: वेगळं सिद्ध होत नाही तोवर तो माणूस तीव्र तणावात होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, उलट त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर. या कामासाठी काही तरुण तयार केले आहेत, त्यात एक आपल्याच शाळेचा आहे, हे मात्र मिरवून सांगते.

मध्यंतरी शाळेत आले होते. वाचनालयाच्या खोलीत आता संगणक आहेत, म्हणजे खोक्यांत आहेत, आणि दाराला बाहेरून कुलूप. ‘ई-लर्निंग कक्ष’ ही पाटी तेवढी झकास.

शाळेला काय भेट देणार, असं समितीनं विचारलं आहे. कमानीची वर्गणी देईनच. त्याशिवाय टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दर्शनी फळ्यावर रंगवून घ्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. महिन्यातून एक शनिवार मी स्वतः येईन. मुख्याध्यापकांनी ती खोकी दुसरीकडे हलवावीत, एक सतरंजी टाकावी आणि दाराची आतली कडी तेवढी दुरुस्त करून घ्यावी. ती आमच्या वेळेपासून लागत नाही.