रिसायकल बिनमधली 19 जीबीची फाइल

रविवारी सकाळी सरांचा फोन आला. सर म्हणजे माझ्या पहिल्या नोकरीतले सिनियर, आता रिटायर झालेत आणि घरी बसून गेली चार वर्षं एक शब्दकोश करतायत, एकटेच. आवाज ऐकूनच कळलं काहीतरी बिघडलंय.

"अरे, माझं मशीन उघडत नाहीये. काल जागा संपली म्हणून मी एक फालतू फाइल उडवली, तेव्हापासून."

मशीन म्हणजे व्हर्च्युअल मशीन, कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. शब्दकोशाचं जुनं सॉफ्टवेअर लिनक्सवरच चालतं म्हणून मीच त्यांना विंडोजच्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे अशी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून त्यात उबुंटू लिनक्स लावून दिलं होतं. म्हणून ही केस माझ्यासाठी नुसती सपोर्टची केस नव्हती.

"सर, कोणती फाइल?"

"काहीतरी महिरपी कंसात आकडे आणि अक्षरं होती. स्नॅपशॉट्स नावाच्या फोल्डरमध्ये. 19 जीबीची. मला वाटलं टेंपररी कचरा असेल. पण गंमत अशी की डिलीट करूनही जागा वाढलीच नाही, म्हणून आता रिसायकल बिन रिकामा करायला बसलोय, म्हटलं त्याआधी तुला विचारावं."

मी जवळपास ओरडलोच. "सर, माऊसवरून हात काढा. कशालाही हात लावू नका. बिन रिकामा करायचा नाही."

जागा का वाढली नाही तर डिलीट केलेली फाइल बिनमध्ये जाते म्हणजे डिस्कवर तिथेच असते, आणि ती तिथे होती म्हणूनच पुढचं सगळं शक्य झालं. त्याच फोल्डरमध्ये तसल्याच नावाची दुसरी फाइल होती 38 जीबीची. बिनला एक मर्यादा असते आणि त्यात न मावणाऱ्या फाइलबद्दल विंडोज सरळ विचारतं की कायमची काढू का, आणि जागा संपल्यामुळे वैतागलेला माणूस तिथे हो म्हणतो. कॉम्प्युटरमध्ये एसएसडी आहे, तिच्यावरून फाइल कायमची गेली की ट्रिममुळे, म्हणजे ही जागा आता नको असं विंडोज डिस्कला कळवतं त्यामुळे, ते ब्लॉक लगेच मोकळे धरले जातात, रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरला मग हाती काही लागत नाही. पहिला घाव 38 वर पडला असता तर? मला आजही तो विचार आला की अस्वस्थ व्हायला होतं.

स्क्रीन शेअर करून बघितलं. बिनमधून फाइल रिस्टोअर केली, ती क्षणात जागेवर गेली कारण त्याच ड्राइव्हवर फक्त नोंद हलते, डेटा हलत नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या मीडिया मॅनेजरमध्ये, म्हणजे डिस्कच्या यादीत, रिफ्रेश केलं आणि इशाऱ्याची खूण गेली. सर म्हणाले, "झालं? करू का चालू?" म्हटलं नाही सर, अजिबात नाही.

कारण मूळ दुखणं तसंच होतं. 500 जीबीच्या ड्राइव्हवर जेमतेम 300 एमबी शिल्लक. व्हर्च्युअल डिस्क, म्हणजे मशीनला डिस्क म्हणून दिसणारी फाइल, 80 जीबीची, पण फोल्डर भरला होता 110 जीबी. सरांना हेच कळेना की 80 ची डिस्क 110 कशी खाते. मी त्यांना सांगितलं ते असं, की स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती राखून ठेवणं, घेतला की आधीची फाइल तिथेच गोठते आणि त्यानंतरचा प्रत्येक बदल नवीन फाइलमध्ये लिहिला जातो, म्हणजे मूळ फाइल 53 ची, तिच्यावर 38 ची, तिच्यावर 19 ची, आणि वाचताना तिन्ही एकावर एक ठेवून एक डिस्क दिसते. व्हर्च्युअल डिस्कची ही व्हीडीआय फाइल 1 एमबीच्या ठोकळ्यांत वाढते, त्यामुळे आत एक ओळ बदलली तरी अख्खा ठोकळा नवीन फाइलमध्ये येतो. आणि सरांची शेवटच्या तीन महिन्यांची सगळी भर त्या 19 च्या फाइलमध्येच होती, ज्याला ते कचरा समजले. यात सरांची चूक मी मानत नाही, त्या फाइलचं नाव बघून कोणालाही कचराच वाटेल, आणि स्नॅपशॉट घ्यायला शिकवताना हे मी सांगायला हवं होतं.

आता स्नॅपशॉट व्हर्च्युअलबॉक्समधूनच डिलीट केला तर फाइली एकत्र होतात, खरं, पण त्या जोडणीलाही होस्टवर, म्हणजे बाहेरच्या खऱ्या कॉम्प्युटरवर, जागा लागते आणि जागाच नव्हती. म्हणून आधी कॉपी. सरांकडे एक जुनी रिकामी 320 जीबीची एक्स्टर्नल डिस्क होती, लावली, फोल्डर ओढला, आणि लगेच एरर, फाइल फार मोठी आहे. "अरे रिकामी आहे की डिस्क!" डिस्क फॅट 32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली होती, तिच्यात 4 जीबीच्या वरची एक फाइल ठेवताच येत नाही, मोकळी जागा कितीही असो. एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केली, पुन्हा कॉपी लावली, यूएसबी 2 चं पोर्ट, तासाभरावर वेळ गेला. त्या तासात सर फारसं बोलले नाहीत. मधूनच म्हणायचे, "67 टक्के." "71."

कॉपी पूर्ण झाल्यावर मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. मग कमांड प्रॉम्प्टवरून व्हीबॉक्समॅनेजची क्लोनमीडियम ही डिस्कची नक्कल करणारी कमांड चालवली, सोर्स म्हणून साखळीतली शेवटची म्हणजे ती 19 चीच फाइल दिली आणि आउटपुट एक्स्टर्नल डिस्कवर. हे मला फार आवडतं कारण मूळ तिन्ही फाइलींना धक्का न लावता सगळं मिळून एकच नवी फाइल तयार होते, तिचा यूयूआयडी म्हणजे ओळख क्रमांकही नवा, त्यामुळे तीच डिस्क आधीच नोंदलेली आहे अशी तक्रारही येत नाही. नवीन फाइल 64 जीबीची झाली. वेगळं मशीन बनवून तिला जोडली, चालू केलं.

काळी स्क्रीन. इनिटरॅमएफएसचा प्रॉम्प्ट, म्हणजे लिनक्स सुरू होताना अर्ध्यातच अडकलं.

सरांनी काही विचारलं नाही, फक्त खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. शनिवारी होस्टची जागा संपल्यावर व्हर्च्युअलबॉक्सने मशीन थांबवून ठेवलं होतं आणि सरांनी ते तसंच पॉवर ऑफ केलं होतं, म्हणजे लिनक्सच्या दृष्टीने चालू असताना वीज गेल्यासारखं. एफएससीके, म्हणजे डिस्कवरच्या नोंदी तपासून दुरुस्त करणारी कमांड, चालवली, रूट म्हणजे मुख्य पार्टिशनवर, प्रत्येक प्रश्न वाचून वाय दाबलं, अकरा का बारा वेळा. एक्झिट. डेस्कटॉप आला.

बाकीचं काम सरळ होतं. आत प्रत्यक्ष वापर 27 जीबीच होता, बाकी डिलीट झालेल्या फाइलींच्या खुणा, कारण ही डायनॅमिक फाइल वाढते पण आपोआप आक्रसत नाही. रिकव्हरी मोडमध्ये पार्टिशन रीड-ओन्ली करून मोकळी जागा शून्यांनी भरणारं झीरोफ्री चालवलं, मशीन बंद करून बाहेरून कॉम्पॅक्ट केलं, 64 वरून 28 वर आली. जुनी 110 जीबीची साखळी होस्टवरून काढली ती मात्र सरांनी खात्री करून घेतल्यावरच.

ती खात्री अशी. सर रोज रात्री काम संपलं की शेवटच्या नोंदीचा नंबर वहीत लिहून ठेवतात, मला हे त्या दिवशीच कळलं. त्यांनी शब्दकोश उघडला, अगदी खाली गेले, आणि वही उघडल्याचा आवाज मला फोनवर आला.

"वहीत 11,482."

मी स्क्रीनवरचा आकडा वाचला. "11,482, सर."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "थांब, फोन ठेवू नकोस, एक शब्द राहिलाय कालचा," आणि टाइप करायला लागले.