चिखलातली लहान पावले

२०२० च्या जानेवारीत गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या गोळावली गावाजवळ, म्हादई अभयारण्यात, एक वाघीण आणि तिची तीन पिल्ले विषबाधेने मेलेली सापडली. गुरांवर झालेले हल्ले हे त्यामागचे कारण होते. त्या वेळी मी वाळपईजवळच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात अकरावीला मराठी शिकवत होतो आणि वर्गातली बरीच मुले घरी गाई-म्हशी असलेल्या वाड्यांवरून येत. फेब्रुवारीत मी त्यांना एखादा प्राणी मुख्य पात्र असलेली कथा लिहायला सांगितली.

बहुतेक वह्यांत वाघीणच बोलत होती. ‘हे मानवा’ अशी सुरुवात करून ती जंगलतोडीबद्दल जाब विचारी आणि शेवटी आसवे गाळत प्राण सोडी. मुलांची कळकळ खरी होती, पण वाघीण मात्र कुठे दिसत नव्हती. प्राण्याला माणसाची भाषा देण्यात मुळीच चूक नाही. ॲना स्यूएल या इंग्रज लेखिकेने १८७७ साली ‘ब्लॅक ब्यूटी’ ही अख्खी कादंबरी घोड्याच्या तोंडून सांगितली. परंतु त्याचे दुःख तिने घोड्याचेच ठेवले. मान डौलदार दिसावी म्हणून आखडून बांधलेल्या लगामामुळे चढावर गाडी ओढताना मान खाली घालता येत नाही आणि मग पाठीवर, पायांवर, श्वासावर किती ताण येतो, हे तिने इतके नेमके लिहिले की त्या लगामाविरुद्ध लोकमत घडण्यास पुस्तकाचा मोठा हातभार लागला. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मधल्या वानरटोळ्यांचा संघर्षही मनाला भिडतो, तो वानरे शेवटपर्यंत वानरेच राहतात म्हणून.

हे सगळे मी वर्गात सांगत असे, तरीही एका मुलीच्या वहीवर मी लाल शाईने लिहिले होते : ‘वाघिणीचे मनोगत हवे होते.’ तिची कथा म्हशीची होती. कथा वाचून दाखवायला तिला उभे केले, तेव्हा मला माझी चूक कळली.

पारडू वाघिणीने नेलेले आहे. संध्याकाळी घरातली बाई कासेला हात लावते, पण म्हैस पान्हवत नाही. बाई पेंड घालते, अंगावरून हात फिरवते. म्हैस पेंड तशीच सोडून खुंट्याला राहिलेले दावे हुंगत राहते. तिसऱ्या दिवशी दाव्याचा वास जातो आणि ती हुंगणे थांबवते. ‘तिला वाईट वाटले’ असे एक वाक्यही कथेत नव्हते. पान्हा न येण्यात सगळे आले होते आणि ते वर्गातल्या अनेकांना घरच्या अनुभवाने ठाऊक होते.

वाघिणीविषयी शेवटी एवढेच होते की गोठ्यामागच्या चिखलात मोठ्या पावलांचे ठसे होते आणि त्यांच्या शेजारी लहान पावलांचे.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याच्या कथेतली वाघीण सर्वांत जास्त रडली होती. “म्हणजे तुझ्या मते वाघीण वाईट?” त्याने विचारले.

“तसं मी कुठं लिहिलंय?” ती म्हणाली. “तिची पिल्लं तिच्या मागोमाग होती, एवढंच लिहिलंय.”

वर्गात कोणी काही बोलले नाही. लहान ठशांचा अर्थ मलाही वही तपासताना लागला नव्हता. मी वाघिणीचे भाषण शोधत होतो. त्या एका ओळीमुळे म्हशीची बाजू न सोडताही वाघिणीची भूक समोर उभी राहत होती. दोघींपैकी एकीलाही खलनायिका करायची गरज त्या मुलीला पडली नव्हती. मी तिची वही मागून घेतली, माझा शेरा सगळ्यांसमोर खोडला आणि तसे का केले ते वर्गाला सांगितले.

त्या मुलाने आपली कथा परत नेली. आठवड्याने आणून दिली तेव्हा तिच्यात एकही संवाद उरला नव्हता. वाघीण गोठ्यापासून काही अंतरावर थांबते, तिला धुराचा वास येतो, ती मागे वळते. पण पिल्ले पुढे गेलेली असतात, म्हणून पुन्हा गोठ्याकडे निघते.