बकलवरचा मुकुट आधी बघा

जुन्या बाजारात लष्करी पट्ट्याचं पितळी बकल किंवा टोपीचा बिल्ला हाती लागला की लोक आधी रेजिमेंटचं नाव शोधत बसतात, मी आधी मुकुट बघतो, त्यावरून काळ कळतो. १९०१ ते १९५२ मधला ब्रिटिश राजांचा मुकुट वरून घुमटासारखा गोल, आणि आपल्याकडे प्रजासत्ताक झाल्यावर मुकुट जाऊन अशोकाचे सिंह आले. महार रेजिमेंटचं तर भारीच! १९४१ ला बेळगावात उभी राहिली, सुरुवातीला बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, नंतर त्याजागी खंजीर आला, म्हणजे स्तंभ दिसला की बिल्ला सुरुवातीच्या काळातला असू शकतो, जरा थांबायचं. पण कॉप्या पण खूप फिरतात, म्हणून मागचे लूप (अडकवायच्या कड्या) आणि त्या जिथे डाग देऊन, म्हणजे झाळून जोडल्यात ती जागा नक्की बघा, समोरची झीज काय घासून पण आणता येते, मी एकदा फसलोय, बायको अजून हसते.