आयी, आई आणि काढ्याच्या चौदा पिशव्या

चिनी भाषेत घरकामाला येणाऱ्या बाईला, किंवा एकूणच आईच्या वयाच्या कुणालाही, ‘आयी’ म्हणतात. शांघायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात हे कळलं, तेव्हा मी साताऱ्याला फोन करून आईला चिडवलं होतं, ‘इथे तुला स्पर्धा आहे गं.’ वर्षभराने मी धड जेवत नाहीये हे सगळ्यात आधी लक्षात आलं ते या आयीच्याच.

जून संपत आला होता. इथे त्या दिवसांत ‘मेईयू’ असतो, म्हणजे आलुबुखार पिकतानाचा पाऊस. भिंतींना घाम फुटतो, कपाटातल्या साड्यांना बुरशी धरते. नवरा ऑफिसात, माझी नोकरी पुण्यातच सुटलेली. रात्री दोनला जाग यायची ती यायचीच. कशातच राम वाटत नव्हता. आयीने न संपलेलं ताट बघितलं, मला जीभ बाहेर काढायला लावली आणि फर्मान सोडलं: झोंगयीकडे चल. झोंगयी म्हणजे चिनी वैद्यक.

मला वाटलं होतं पांढऱ्या दाढीचे आजोबा असतील. निघालं चांगलं बहुमजली सरकारी हॉस्पिटल. मोबाइलवर नंबर लावायचा, खाली रक्त तपासायची लॅब, आणि डॉक्टर चाळिशीतल्या बाई, शेजारी दोन विद्यार्थी वह्या घेऊन. दारात पुढचे पेशंट मान वाकडी करून ऐकत उभे. (खासगीपणा ही कल्पना इथल्या ओपीडीत आपल्याइतकीच रुजलेली आहे.)

बाईंनी छोट्या उशीवर माझं मनगट ठेवून तीन बोटांनी नाडी धरली. डाव्या हाताला हृदय, यकृत, मूत्रपिंड. उजव्या हाताला फुप्फुसं, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंड. मग प्रश्न. थंडी वाजते का, घाम कधी येतो, तहान, भूक, शौच, पाळी. जाग नेमकी किती वाजता येते? दोन म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. चिनी वैद्यकात रात्री एक ते तीन ही यकृताची वेळ. उदास वाटतं का, हे कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी ‘छे छे, तसं काही नाही’ म्हणून उठले असते.

त्याऐवजी त्यांनी विचारलं, ‘घशात काही अडकल्यासारखं वाटतं? गिळलं तर जात नाही, थुंकलं तर येत नाही?’

मी त्या दोन विद्यार्थ्यांसमोर हमसून रडले. या तक्रारीला चिनी वैद्यकात जुनं नावच आहे, आलुबुखाराच्या बीचा ‘ची’. ची म्हणजे शरीरातून वाहणारी प्राणशक्ती. राग, दुःख गिळत राहिलं की यकृताचा ची अडतो, असं त्यांचं निदान. डिप्रेशनला चिनीत ‘यीयूझंग’ म्हणतात, त्यातला ‘यू’ म्हणजे साचणं, कोंडणं. चौदाव्या शतकातल्या झू दानशी या वैद्याने तुंबणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या: ची, रक्त, कफ, ओल, उष्णता आणि अन्न. मला आमच्या वाड्यातली मोरी आठवली. तुंबलंय, एवढंच. वेड लागलेलं नाही.

काढा होता ‘श्याओयाओ सान’, सोंग राजवटीच्या सरकारी औषधालयाच्या ग्रंथातला. नावाचा अर्थ साधारण ‘मनमुराद भटकणं’. त्यात पुदिना, आलं, ज्येष्ठमध आणि मला अनोळखी अशी पाच मुळं-बुरशी. त्यात बाईंनी अठराशे वर्षांपूर्वीच्या झांग झोंगजिंग या वैद्याचं एक औषध मिसळलं: ज्येष्ठमध, गहू, लाल बोरं. उगाच रडू येणारी, वारंवार जांभया देणारी, जणू कुणी अंगात शिरल्यासारखी वागणारी बाई असेल तर हे द्यावं, असं त्याने लिहून ठेवलंय. आपल्याकडे देवऋषी शोधला असता. याने गहू दिले.

काढा हॉस्पिटलच उकळून देतं. सात दिवसांच्या चौदा सीलबंद पिशव्या कुरिअरने घरी. सकाळ-संध्याकाळ गरम करून घ्यायच्या. चव म्हणजे काडेचिराईतात कुणीतरी गूळ घालायचा प्रयत्न करून सोडून दिल्यासारखी. फ्रिजमधलं पाणी बंद. ते आयी जातीने बघायची. सुयाही टोचून घेतल्या, भुवयांच्या मध्ये आणि पायाच्या अंगठ्याजवळ. मला तिथे गाढ झोप लागायची, याहून जास्त दावा मी करणार नाही. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात अ‍ॅक्युपंक्चर आणि डिप्रेशनवरच्या ६४ चाचण्या तपासल्या आहेत. थोडा फायदा असू शकेल, पण पुरावा कमी दर्जाचा, असा त्याचा सूर आहे.

तीन आठवड्यांनी भूक परतली, झोप जरा सुधारली. सकाळ मात्र तशीच, छातीवर धोंडा ठेवल्यासारखी. बाईंनी आता पहिल्यांदा सरळ विचारलं, ‘सकाळी उठूच नये असं वाटतं?’ मी हो म्हटलं. त्यांनी एका कागदावर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचं लिहून दिलं आणि घरात असलेल्या सगळ्या गोळ्या आणून दाखवायला सांगितल्या. बरं झालं. आयीने प्रेमाने आणून दिलेली ‘शूगान ज्येयू’ नावाची कॅप्सूल त्यात होती. सौम्य ते मध्यम डिप्रेशनसाठी चीनमध्ये ती रीतसर मान्यताप्राप्त आहे. तिच्यातली मुख्य वनस्पती म्हणजे पाश्चात्त्यांचं सेंट जॉन्स वर्ट. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर ती घेतली तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोकादायक वाढू शकतं, गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही ती कमी करते. ‘वनस्पतीच आहे, काय होतंय’ हे वाक्य साताऱ्यात आणि शांघायमध्ये सारख्याच आत्मविश्वासाने बोललं जातं. मनोविकाराच्या गोळ्या सुरू झाल्या, कॅप्सूल कचऱ्यात गेली. मळमळीचे पहिले आठ-दहा दिवस वाईट गेले. फरक महिन्याभराने कळला.

मनोविकाराचं नाव काढताच आयीचा चेहरा मात्र उतरला होता. शांघायच्या मानसिक आरोग्य केंद्राचा पत्ता ६००, वानपिंग दक्षिण रस्ता. कुणाला वेडा म्हणायचं तर ‘सहाशे नंबरातून सुटलास का’ असं इथे चेष्टेत म्हणतात. २०२१ मध्ये त्याच केंद्राचे मूनकेक (शरदातल्या पौर्णिमेच्या सणाची मिठाई) मिळवायला तरुण पोरं धडपडत होती, म्हणजे भीती थोडी सैलावते आहे. आयीची नाही.

आर्थर क्लाइनमन हे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ १९८० मध्ये चीनमधल्याच चांगशा शहरात आले होते. तिथे ‘शनजिंग श्वायरुओ’, म्हणजे नसांचा अशक्तपणा, असं निदान झालेले १०० रुग्ण त्यांनी तपासले. त्यातल्या ८७ जणांना त्यांच्या निकषांनी डिप्रेशन होतं. डोकेदुखी, थकवा, झोप नाही, एवढंच ते सांगत होते.

हे मी गेल्या रविवारी आईला व्हिडिओ कॉलवर सांगत होते. ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, ‘तू झालीस त्यानंतर मलाही अशक्तपणा आला होता. सहा-सात महिने. डॉक्टर बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शनं द्यायचे.’

‘घशात काही अडकल्यासारखं व्हायचं का गं?’

‘व्हायचं की,’ ती म्हणाली. ‘पण घशाचं कोण विचारतंय तेव्हा.’