१.९ टीडीआय: मॅनिफोल्डमधली काजळी, आणि तिच्याआड लपलेली गळती

मंडळी, माझ्या डिझेल स्कोडा ऑक्टाव्हियाच्या इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळकांड्याला, अखेर हात घातला. टायमिंग बेल्ट बदलला तेव्हाच इंजिनाच्या मागे, फायरवॉलच्या बाजूला, एक काळा तेलकट ओघळ दिसला होता. "टर्बोचं सील गेलं, नवा टर्बो घ्या," असं दोघांनी छातीठोकपणे सांगून टाकलं. टर्बोचा शाफ्ट हलवून पाहिला, ढिलेपणा नाही. ओघळ टर्बोच्या वरून खाली येत होता. तेल काही वर चढत नाही, त्यामुळे टर्बोला तिथेच निर्दोष सोडला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: गाडी २००६ ची, संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला जुळवलेली. इंजिन १८९६ सीसी, ९० पीएस, बॉशचा रोटरी पंप. म्हणजे नव्या डिझेलसारखी कॉमन रेल नाही, काजळी गाळणारा डीपीएफ नाही, पण थोडा धूर परत इनटेकमध्ये सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह आहे. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड मागच्याच बाजूला, इनटेक वर आणि एक्झॉस्ट-टर्बो खाली. ज्याने हे इंजिन आडवं बसवलं त्याचे हात बहुधा माझ्यापेक्षा बारीक असावेत.

लक्षणं अशी: कसारा चढताना तिसऱ्या गिअरला काळा धूर, ॲक्सिलरेटर दाबला की "फुस्स" असा बारीक आवाज, आणि ओढ कमी. लॅपटॉप लावून आकडे पाहिले, आणि तिथेच गंमत सुरू झाली. तीन हजार आरपीएमला पूर्ण ॲक्सिलरेटरवर हवेचा आकडा, म्हणजे एमएएफ, दर स्ट्रोकला ८५० मिलिग्रॅमच्या आसपास यायला हवा. माझा सातशेच्या घरात अडकलेला. बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, मात्र इंजिनाच्या संगणकाने (ईसीयूने) मागितलेल्याच्या जवळपास.

एमएएफ सेन्सर बसतो एअर फिल्टरपाशी, टर्बोच्या आधी. बूस्टचा सेन्सर इंटरकूलरपाशी, मॅनिफोल्डच्या आधी. मॅनिफोल्ड आतून चोंदला असेल तर बूस्ट व्यवस्थित दिसतो पण हवेचा आकडा पडतो, कारण हवा पुढे जातच नाही. उलट टर्बोच्या पुढे कुठे गळती असेल तर बाहेर सुटलेली हवासुद्धा एमएएफ मोजतो. आकडा फुगतो आणि सिलिंडरला प्रत्यक्षात कमी मिळते. ईसीयू त्या फुगलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून डिझेल सोडतो, मग काळा धूर. तो धूर ईजीआरमधून परत मॅनिफोल्डमध्ये. म्हणजे गळती काजळी वाढवते, आणि काजळी गळतीचा आकडा झाकते. दोन्ही एकत्र असले की आकडे धड चांगले नाहीत, धड वाईटही नाहीत. म्हणून माझं ठाम मत: आधी गळती शोधा, मग धुवा. डिग्रीझर मारला की पुरावा गेला.

गळतीची चाचणी घरच्या घरी केली. टर्बोच्या आधीच्या रबरी होजमध्ये घट्ट बसेल असं पीव्हीसीचं एंड कॅप घ्यायचं, त्याला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवायचा आणि वरून क्लॅम्प आवळायचा. इंजिनातली तेलाची वाफ बाहेर नेणारी ब्रीदरची नळी त्याच होजला येऊन मिळते, ती काढून बूच मारायला विसरू नका. नाहीतर सगळी हवा क्रँककेसमध्ये जाते आणि तेलाची सील उगाच ताणली जातात. पंचरवाल्याकडून आणलेल्या छोट्या कंप्रेसरने हळूहळू दाब वाढवत नेला. एक बारच्या पुढे जायची गरज नाही. एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतील तर हवा सायलेन्सरवाटे पळते आणि दाब टिकत नाही, मग क्रँक थोडा फिरवून पुन्हा बघायचं.

साबणाच्या पाण्याचा फवारा मारल्यावर दोन ठिकाणी फेस आला. एक ईजीआरच्या गळ्यापाशी, जिथे ओ-रिंग असते. दुसरा मॅनिफोल्ड आणि हेडच्या जोडावर, चौथ्या सिलिंडरच्या टोकाला. आरसा आणि टॉर्च धरून बघितलं तर तिथे लालसर सिलिकॉनचा लेप. आधीच्या कुठल्या तरी मिस्त्रीने जुनंच गॅस्केट ठेवून वरून सिलिकॉन फासलं होतं. इंटरकूलरचे होज मात्र ठणठणीत निघाले, नाहीतर या गाड्यांत पहिला संशय त्यांच्यावरच घ्यायचा.

उघडायचं काम लिहिण्यासारखं फारसं नाही. वरचं प्लास्टिक कव्हर, हवेचा पाइप, ईजीआरचे तीन बोल्ट, ईजीआरची नळी, हीट शील्ड आणि मग मॅनिफोल्डचे सहा एलन बोल्ट. एकच सांगतो. त्या ६ मिमी एलनच्या खाचांत काजळी आणि तेल भरून दगड झालेला असतो. एलन की वरवर बसली असं वाटतं आणि पहिल्या झटक्याला खाच गोल होते. दाताच्या डॉक्टरकडे असते तसली आकडी घेऊन प्रत्येक खाच तळापर्यंत कोरली, डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर सोडलं, आणि की हातोडीने ठोकून बसवली. बॉल टोकाची की सोडवायला अजिबात वापरू नका, ती नंतर फिरवण्यापुरती.

मॅनिफोल्ड बाहेर आला तेव्हा आतलं दृश्य अपेक्षेपेक्षा वाईट होतं. ईजीआरच्या तोंडाशी जिथे मुठीएवढी जागा हवी तिथे करंगळी जेमतेम जाईल एवढं भोक. थर दोन प्रकारचा: वर मऊ, ओला, बोटाला चिकटणारा, आणि खाली भाजून कडक झालेला, डांबराच्या जुन्या रस्त्यासारखा. माझा अंदाज असा की खालचा थर गाडीच्या तरुणपणातला. २००६ ला नाशकात मिळणारं डिझेल बीएस-२, म्हणजे ५०० पीपीएमपर्यंत गंधक. २०१७ पासून देशभर ५० आणि २०२० पासून १०. गंधक उतरलं तशी काजळीही बरीच सौम्य झाली असावी. पण ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ आणि ईजीआरची कोरडी काजळी एकत्र आली की लगदा होणारच. एकट्या तेलाने किंवा एकट्या काजळीने इतका चोंदत नाही.

माझ्याशी सगळ्यात जास्त बोललं ते गॅस्केट. तीन पोर्टांभोवती स्वच्छ करडी कडी, आणि चौथ्याच्या खालच्या कोपऱ्यातून बाहेरच्या काठापर्यंत काळी पिसासारखी रेघ, आतून बाहेर पसरत गेलेली. बरोबर तिथेच, जिथे फेस आला होता. बाहेर त्याच जागेखाली तो ओघळ. ज्या तेलाचा आळ टर्बोवर होता ते मॅनिफोल्डमधलंच तेल होतं, बूस्टच्या दाबाने बाहेर ढकललेलं. पोलादी पट्टी आणि फीलर गेजने दोन्ही पृष्ठभाग तपासले. मॅनिफोल्ड सरळ. हेडवर सिलिकॉनचे अवशेष राहिले होते, तेवढे प्लास्टिकच्या पट्टीने खरवडले.

आता धुलाई. कोपऱ्यावरचा वर्कशॉपवाला म्हणाला, "द्या इकडे, कॉस्टिकमध्ये टाकतो, सकाळी आरशासारखा." लोखंडी भागाला ठीक आहे. हा मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि वर हायड्रोजन सोडतो. ओव्हन साफ करायच्या बहुतेक फवाऱ्यांतही तोच असतो, त्यामुळे तेही नको. दुसरा प्रकार म्हणजे आत बर्नर लावून काजळी पेटवून देणं. अमेरिकेतल्या टीडीआयवाल्यांत तो बराच चालायचा. धूर, ज्वाळा आणि शेजाऱ्यांशी भांडण, तिन्ही नको होतं.

मी रॉकेल आणि डिग्रीझरमध्ये बुडवून ठेवला, मधूनमधून लाकडी पट्टीने मोठे गठ्ठे काढले. वळणातलं काम केलं सायकलच्या ब्रेकच्या जुन्या केबलने. टोकाच्या तारा उसवून फुलवायच्या, दुसरं टोक ड्रिलमध्ये पकडायचं आणि हळू वेगात आत सोडायचं. तार वळण घेत जाते आणि कडक थर भुगा होऊन पडतो. गॉगल आणि मास्क हवाच. शेवटी साबण, गरम पाणी आणि उन्हात पूर्ण वाळवणं. रॉकेलचा थेंबही आत राहिला तर डिझेल इंजिन ते इंधन म्हणून जाळून टाकेल, अनियंत्रित.

हेडमधल्या पोर्टांची सफाई हा खरा धोक्याचा भाग. काजळीचा कडक खडा सिलिंडरमध्ये पडला तर घोळ. ज्या सिलिंडरचा पोर्ट साफ करायचा त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला, आणायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. क्रँकच्या बोल्टला १९ मिमीचा बारा टोकांचा सॉकेट लावून फक्त पुढच्या दिशेने अर्धा फेरा, क्रम १-३-४-२. बाकीच्या तोंडांत कापडाचे बोळे. खरवडताना दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी धरलीच पाहिजे. बायकोचा व्हॅक्यूम क्लीनर आता अधिकृतपणे गॅरेजचा झाला आहे.

परत बसवताना नवं धातूचं गॅस्केट कोरडं, सिलिकॉनचा टिपूस नाही. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टॉर्क रेंचने २५ न्यूटन-मीटर. ईजीआरला नवी ओ-रिंग, तिला इंजिन ऑइलचा बारीक हात. मग तीच हवेची चाचणी पुन्हा. फेस नाही.

ईजीआर बंद करून टाकायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. केला नाही. पीयूसीत डिझेलची फक्त धुराची घनता मोजतात, त्यामुळे बंद केला तरी सापडणार नाही हे खरं, पण ईजीआर आहे तो नायट्रोजन ऑक्साइडसाठी, आणि ते पीयूसीच्या यंत्राला न दिसलं तरी हवेत जातंच. गळती बंद झाल्यावर काजळी किती जमते ते आधी बघू.

आकडे: हवा आता ८६० च्या आसपास, बूस्ट आधीइतकाच. कसाऱ्यात धूर फक्त गिअर बदलताना, हलका. जोडावर टाल्कम पावडर भुरभुरली आहे, तेल पाझरलं तर डाग लगेच दिसेल. पुढच्या तेलबदलीला ईजीआरचा गळा उघडून बघणार आणि फोटो टाकणार.

तोवर एक विचारायचं आहे. व्हॉल्व्ह कव्हरवरचा ब्रीदरचा गोल व्हॉल्व्ह नवा घेतल्यावर तेलाची वाफ खरंच कमी झाली का कुणाची? माझ्यातलं डायफ्रॅम अजून मऊ आहे, पण होजच्या तोंडाशी ओलावा दिसतो. कॅच कॅन, म्हणजे ब्रीदरच्या वाफेतलं तेल अडवणारा डबा, लावलेल्यांनी त्यात किती जमतं तेही सांगा, आणि पावसाळ्यात जमतं ते तेल की नुसतं पाणी, तेवढंही.