बुटात घालायचा मोजा

लोकरीचे मोजे मी पूर्वीही विणले होते, पण ते घरात घालायचे. थंडीत फरशीवर चालायला मोजा हवा असेल तर तो जाड असो, टाचेला ढगळ असो, बोटांपुढे थोडा लोंबत असो, कुणाची तक्रार नसते. बुटातल्या मोज्याचं तसं नाही. तिथे जागा ठरलेली असते आणि पाय आधीच ती व्यापून बसलेला असतो. उरलेल्या फटीत आपण विणलेलं सगळं मावावं लागतं.

आमचे हे रेल्वेत टीसी. नाशिकरोडहून ड्यूटी सुरू झाली की काळे चामडी बूट तासन्‌तास पायांत. डब्यांतून चालणं, उभं राहणं, त्यात गाडीचे हेलकावे. दुकानातले मोजे ते बरीच वर्षं उलटे करून घालत, कारण बोटांवरची शिवण करंगळीला लागायची. मशीनवरचा मोजा नळीसारखा विणला जातो, बोटांकडचं तोंड उघडंच राहतं आणि ते नंतर बंद करतात. स्वस्त मोज्यात ती शिवण दोरीसारखी उठून राहते. महागात टाक्याला टाका लावून ती बरीच सपाट करतात, पण तसे मोजे यांना रोजच्या वापराला परवडल्यासारखे वाटत नाहीत. एकदा म्हणाले, “अगं, एवढे स्वेटर विणतेस, मोजा काय अवघड आहे?” म्हटलं, “बूट आणा इकडे.”

पायाचं माप घ्यायच्या आधी मी बुटात हात घालून आतून चाचपलं. करंगळीच्या बाजूला चामडं आत दबलेलं, टाचेमागे कडक पट्टी, फितीच्या खाली जीभ पातळ. आपल्याकडे बुटाचे नंबर ब्रिटिश पद्धतीने चालतात आणि त्यात एका नंबराचा फरक म्हणजे १/३ इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. अर्धा नंबर म्हणजे चार मिलिमीटरच्या थोडं वर. आता बोटांपुढे एक आणि टाचेमागे एक असे लोकरीचे दोन थर आले, म्हणजे अर्ध्या नंबरातला बराच भाग तिथेच संपला. हा हिशेब समोर ठेवल्यावर बाजारात स्वेटरसाठी मिळते ती जाडी आपोआप बाद झाली.

पाय मापला तो संध्याकाळी, ड्यूटीवरून आल्यावर, आणि उभं करून. सकाळचा पाय आणि संध्याकाळचा पाय सारखा नसतो, आणि वजन पडलं की तो लांबी-रुंदीला पसरतो. लांबी २६ सेंटिमीटर, चवड्याचा घेर २५. मोजा घेराला साधारण दहा टक्के कमी धरायचा, म्हणजे साडेबावीस. लांबीला एखादा सेंटिमीटर कमी. मोजा ताणून बसला तरच तो जागचा हलत नाही. पायाच्या बरोब्बर मापाचा मोजा बुटात सरकतो, त्याची घडी पडते, आणि फोड येतो तो त्या घडीने. फार आखूड केला तर बोटं मागे ओढली जातात, तेही वाईट.

लोकरीचा शोध हा सगळ्यांत कंटाळवाणा भाग. आपल्या पेठांतल्या दुकानांत “लोकर” म्हणून जे मिळतं ते बहुतेक अॅक्रिलिक. लहान मुलांच्या टोपड्याला छान, धुवायला सोपं, रंग भरपूर. पण ते घाम शोषत नाही, आणि बंद बुटात पाय ओलसर राहिला की कातडी मऊ पडून सोलवटते. सुती धागा घाम शोषतो पण धरून ठेवतो, शिवाय त्याला ताण नाही, त्यामुळे दुपारपर्यंत मोजा घोट्याशी गोळा होतो. खरी लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा ओढून घेते, तरी हाताला कोरडी लागते. नाशिकच्या एप्रिलमध्ये लोकरीचे मोजे म्हटल्यावर यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते सांगत नाही, पण पातळ लोकर उन्हाळ्यातही चालते हे त्यांनी नंतर स्वतःच इतरांना सांगितलं. नुसती लोकर मात्र टाचेला महिन्याभरात विरते. म्हणून मोज्यांच्या धाग्यात ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन असं मिश्रण असतं.

माझी भाची जर्मनीत असते. तिकडे मोजे विणणं अजून घरोघरी चालतं, आणि मोज्यांची लोकर साध्या दुकानांतही मिळते. तिने १०० ग्रॅमच्या गुंड्या आणल्या. एका गुंडीत ४२० मीटर धागा, म्हणजे किती बारीक ते लक्षात येईल. एका गुंडीत एक जोड आरामात होतो. वेष्टनाच्या पट्टीवर नमुन्याचं, म्हणजे आधी विणून बघायच्या छोट्या तुकड्याचं, माप छापलेलं होतं: दहा सेंटिमीटरात ३० टाके, ४२ ओळी. मी त्याहून घट्ट विणायचं ठरवलं. सैल विणीत टाका मोठा होतो आणि तळव्याखाली तो दाण्यासारखा रुततो. घरातल्या मोज्यात कळतही नाही, पण बुटात अंगाचा भार त्या दाण्यावर तासन्‌तास पडतो.

नमुना विणताना एक गोष्ट पाळली. मोजा गोल विणायचा, तर नमुनाही गोलच विणायचा. सरळ ओळींत येता-जाता विणताना एका ओळीत उलट, म्हणजे दाणेदार दिसणारे, टाके येतात, आणि माझा उलट टाका गुळगुळीत सुलट टाक्यापेक्षा सैल पडतो, त्यामुळे माप फसवं येतं. आपल्या दुकानांत सुयांना जुने ब्रिटिश नंबर असतात, नंबर वाढेल तशी सुई बारीक. १३ नंबर म्हणजे सव्वादोन मिलिमीटर. जयपूरला निटप्रोच्या सुया बनतात, त्यांच्यावर मिलिमीटर छापलेले असतात, त्यामुळे बाहेरच्या लोकरीबरोबर घोळ होत नाही. १३ नंबरवर माझे दहा सेंटिमीटरात ३२ टाके आले. साडेबावीसला गुणलं तर बरोबर ७२. चाराने भाग जाणारा आकडा, त्यामुळे चार सुयांवर अठरा-अठरा टाके आणि पाचव्या सुईने विणायचं.

वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट. तिथे एवढंच बघायचं की टाके सैल हाताने घालावेत, नाहीतर मोजा टाचेवरून चढत नाही.

खरा वेळ गेला टाचेत.

आपल्या सासवा-आयांनी शिकवलेली टाच म्हणजे मागे चौकोनी पट्टी विणायची, एकाआड एक टाका न विणता नुसता उचलायचा, मग तळाशी वळवून पट्टीच्या दोन्ही कडांचे टाके उचलून पुन्हा गोल विणायचं. उचललेल्या टाक्यांमुळे टाच जाड आणि टिकाऊ होते. पण यांच्या बुटात टाचेमागे ती कडक पट्टी आहे, आणि तिथे जाडी म्हणजे बूट चावणार. शिवाय कडांचे टाके उचलले की दोन्ही बाजूंना आतून एक बारीक वरंबा उठतो. तो घोट्याखालून तिरका उतरतो, आणि चामड्याच्या बुटाची कड पायाला दाबते ती तिथेच आसपास. कडेच्या टाक्याचा एकच फास उचलला तर वरंबा कमी होतो, पण भोकं दिसतात. तो एक फास पीळ देऊन विणला की भोकं मिटतात. हे जमलं, तरी जाडीचा प्रश्न उरलाच.

दुसरी पद्धत अर्धवट ओळींची. ओळ पूर्ण न करता मधूनच परतायचं, दर वेळी एक टाका अलीकडे थांबायचं, मग तेच उलट्या क्रमाने वाढवत न्यायचं. त्यातून टाचेला वाटीसारखा खोलगट आकार येतो आणि कुठेही काठ उरत नाही. जर्मनीत हीच टाच जास्त चालते असं भाची म्हणाली. परतण्याच्या जागी भोक राहू नये म्हणून धागा वरून मागे ओढून टाका दुहेरी दिसेल असा करतात, आणि परत येताना त्या टाक्याचे दोन्ही पाय एकत्र विणतात. सपाट, स्वच्छ काम. पण यांच्या पावलाचा उंचवटा चांगलाच वर आहे आणि ही टाच उथळ. मोजा चढला, पण घोट्यासमोर ताणून बसला. बूट घालून चार पावलं चालले आणि म्हणाले, “पुढून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतंय.”

मग दोन्हींचा मेळ घातला. टाच सुरू व्हायच्या आधीच्या फेऱ्यांत, एक फेरी सोडून एक, टाचेच्या ३६ टाक्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवत नेला. असे १२ वाढवून ४८ टाक्यांवर अर्धवट ओळींची टाच केली, मधले १६ टाके उरेपर्यंत. टाच झाल्यावर ते १२ टाके त्याच क्रमाने घटवले. खोली मिळाली आणि वरंबा कुठेच नाही. मोज्यातली ही जागा मला सगळ्यांत आवडते, पण बूट घातला की ती कुणालाच दिसत नाही!

पावलाचा वरचा भाग साधा ठेवला. मला वेण्यांचं, जाळीचं विणकाम फार प्रिय, आणि एका जोडावर मी हौसेने वेणी घातली होती. फितीखाली तिचे वळ कातडीवर जसेच्या तसे उमटले. वेणी पोटरीवर घाला, तिथे पँट असते.

तळव्याचा विचार मात्र वेगळाच निघाला. सुलट विणीचा मोजा बाहेरून गुळगुळीत आणि आतून दाणेदार असतो. म्हणजे चांगली बाजू बुटाला आणि खडबडीत बाजू पायाला. मी तळव्याचे ३६ टाके बाहेरून उलट विणले, म्हणजे आतून सुलट. बारीक लोकरीत फरक थोडाच पडतो, पण दिवसभर उभं राहणाऱ्याला तोही कळतो. उलट टाके सैल पडू नयेत म्हणून तेवढ्या दोन सुया १४ नंबरच्या घेतल्या. विणायला वेळ लागतो, मनोरंजन शून्य.

आता बोटं. नेहमीच्या रीतीने दोन्ही बाजूंना सारखे टाके घटवले की टोक मधोमध येतं, आणि माणसाचं पाऊल तसं नसतं, अंगठ्याकडे लांब आणि करंगळीकडे उतरतं. तसा मोजा अंगठा आत ढकलतो आणि करंगळीबाहेर रिकामी खोळ सोडतो. बुटात त्या खोळीची घडी होते. म्हणून करंगळीच्या बाजूचं घटवणं लवकर सुरू केलं आणि अंगठ्याच्या बाजूचं उशिरा. त्याने डावा-उजवा मोजा वेगळा झाला. यांचं म्हणणं, पहाटे चारला ड्यूटीला निघताना हे कोण बघणार? उजव्याच्या पट्टीत एक लाल फेरी घातली.

वर बारा आणि खाली बारा टाके उरले की सुई-दोऱ्याने जोडायचे, पण शिवायचे नाहीत, विणीसारखीच एक ओळ सुईने भरायची. पुढच्या सुईवर सुलट जाऊन काढ, उलट जाऊन ठेव. मागच्या सुईवर उलट जाऊन काढ, सुलट जाऊन ठेव. हे तोंडाने म्हणत करावं लागतं, मध्ये कुणी चहा विचारला की संपलं. या जोडटाक्याला किचनरचं नाव आहे. १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचे सरसेनापती होते तेच लॉर्ड किचनर, पुढे पहिल्या महायुद्धातले. टाका बहुधा त्यांच्याही आधीचा, पण सैनिकांसाठी घरोघर मोजे विणले जात त्या काळात नाव त्यांचं चिकटलं. चिखलात कूच करणाऱ्याला बोटांवरची शिवण किती महागात पडत असेल, ते दुकानातले मोजे उलटे घालणाऱ्या माणसाच्या घरात पटकन समजतं.

धाग्याची टोकं कधीच तळव्यात किंवा बोटांत लपवत नाही. नवी गुंडी जोडायची वेळ आली तर ती पोटरीच्या भागात येईल असं बघते.

सासऱ्यांचा जोड वेगळा केला. त्यांना शुगर आहे, आणि अशा पायांची जाणीव कमी होते. आपल्याला लागलं की आपण बूट काढतो, त्यांना लागलेलं कळतच नाही, आणि साध्या फोडाची जखम होते. त्यांच्या मोज्याची वरची पट्टी सैल ठेवली, रबर नाही, घेर जरा जास्त. रंग पांढरा घेतला, म्हणजे रक्ताचा किंवा पुवाचा डाग लगेच दिसतो. “अहो सूनबाई, पांढरे मोजे मळतात,” म्हणाले. मळू देत म्हटलं, धुणारी मी आहे.

यांचा पहिला चांगला जोड एक हिवाळा आणि एक उन्हाळा चालला. टाच अजून शाबूत आहे, पण अंगठ्यामागच्या चवड्याखाली वीण इतकी विरळ झाली आहे की उजेडात धरली तर आरपार दिसतं. पुढच्या जोडात तेवढ्या भागात लोकरीबरोबर नायलॉनचा बारीक धागा घेणार आहे. त्याने तिथली जाडी वाढेल, टाक्यांचं माप बदलेल आणि त्या बुटात चवड्याशी आधीच फारशी जागा नाही. बुटातलं सुटं अस्तर काढून पाहिलं तर थोडी मिळते, म्हणून सध्या नमुना विणून तो अस्तराशिवायच्या बुटात घालून बघायला दिला आहे. यांची रात्रपाळी आहे, उत्तर उद्या मिळेल.